केस कोण देणार

३ सप्टेंबर
कळमनुरीच्या मुलीकडून नकार! पसंत होतो म्हणे — टोपी काढेपर्यंत. मी एकोणतीस वर्षांचा, आणि तिची आई मलाच विचारते, "नवरदेवाचे मोठे भाऊ का तुमी?" खरा मोठा भाऊ शेजारीच बसला होता. शिवहारदादाचंही पुढून मैदान झालंय, पण त्याचं लग्न उरकलंय. त्याला काय फरक पडतो! शिकवणीतली पोरं मला पाठीमागं 'विमानतळ' म्हणतात. बास झालं. नांदेडला जाऊन केस बसवून घेणार. दिवाळीच्या आत.

५ सप्टेंबर
दादा म्हणतो, थांब. "बापूचं हे असं. उद्या काही झालं तर दहाव्याला केस द्यावे लागत्यात. नवे बसवलेले, वस्तरा फिरला की गेले. मंग काय करशील?" बापू शेजारी बाजेवरच होते, पण त्यांना ऐकू कमी येतं. दादाचं पटलं. बापाचं हृदय थकलंय, डॉक्टरांनी हात टेकलेत, आणि मी केसांचं घेऊन बसलोय! लाज वाटली. थांबतो.

१४ सप्टेंबर
दादा पुण्याला गेला. खताच्या कंपनीचं ट्रेनिंग. त्याचं कृषी केंद्र मी बघायचं, बापूंची औषधं मी द्यायची.

२० सप्टेंबर
दादा आला. डोक्याला रुमाल, घरातही काढत नाही. "ऊन लागलं," म्हणतो. या पावसात?

२२ सप्टेंबर
पाहिलं!! न्हाणीतून निघाला तेव्हा रुमाल खुंटीवरच राहिला होता. कपाळाच्या वर लाल ठिपके, तिफणीनं पेरल्यासारखे, ओळीनं.

मला थांब म्हणाला आणि स्वतः बसवून आला! रागिणीवहिनींना माहीत होतं. आठ दिवस माझ्या पानात भाजी वाढत होत्या, एक शब्द नाही.

ओसरीवर गाठलं त्याला. "काहून केलं असं?" तर म्हणे, जिल्हा परिषदेला उभं राहायचंय, बॅनरवर फोटो लागतो. मी म्हणालो, "आन् बापूचं काही झालं तर?"

"तू हायेस की. दोघानं संगंच बसवले असते तर केस कोणी दिले असते?"

म्हणजे मी राखीव! माझं डोकं त्यानं बापूंच्या दहाव्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं. सख्खा भाऊ! मी ओरडलो, तोही ओरडला. बापू बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते.

२३ सप्टेंबर
जेवलो नाही. नांदेडला डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, सुरुवातीचे काही महिनेच जपायचं. मुळं धरली की खुशाल वस्तरा फिरवा, केस परत येतात. दादानंही हे विचारलं असणारच. मला मात्र 'गेले' म्हणून सांगितलं!

मग आता करू की थांबू? बापू तेवढे महिने काढतील का, एवढंच बघायचं. — काय लिहून बसलो हे. पण दादाचा राग डोक्यातून जात नाही. घेतली तारीख. चार ऑक्टोबर. बघू दे आता त्यालाच, केस कोण देतं ते!

२६ सप्टेंबर
शिकवणीवरून आलो तर लखमा न्हावी वस्तरा पुसत होता. बापू ओसरीवर बसलेले. डोकं गुळगुळीत, मिशीही नाही. पांढरे केस फरशीवर.

"दोघायच्याबी वाटचे दिले," म्हणाले. "आता माझ्यापायी कोणी थांबू नका."

त्यांना सगळं ऐकू येतं.