मागे ओढलेली खुर्ची

प्रिय छोटी,

तुझं पत्र पोचलं. लेकीचं लग्न ठरल्यावर का होईना, बहीण आठवली, हेही नसे थोडके. तू सांगितलेलं काम केलंय, पण ते शेवटी. आधी तुझ्या ताईची खुशाली ऐक, तू विचारली नाहीस तरी. हॉस्पिटलच्या चौकशी खिडकीत दिवसभर बोलायचं, आणि चार वाजले की डाव्या कानापुढे असं दुखतं की माणसाला चावावंसं वाटतं. पण तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, त्यामुळे माणसं वाचतात. सफरचंदाच्या पातळ चकत्या करून उजवीकडून चघळत बसते. जांभई आली की हनुवटीला हाताचा टेकू देते. लोकांना वाटतं, बाई विचारात पडल्या.

घास चावताना अजून कट् वाजतं. ‘कडी’ हे नाव तूच ठेवलंस. कट् झालं की बाबांसकट सगळं टेबल हसायचं. मीही हसायचे, दुसरं काय करणार.

तू मागून खुर्ची ओढलीस तेव्हा मी अकराची, तू नऊची. माझी हनुवटी टेबलाच्या काठावर आपटली. आईला सांगू नकोस, ती मला फोडून काढेल, म्हणून तू माझे पाय धरलेस. मी दाढ दुखतेय म्हणाले आणि महिनाभर पातळ पीत राहिले. कानाजवळचं हाड मोडलं होतं, हे पस्तिसाव्या वर्षी आमच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं. तोवर हनुवटी कायमची डावीकडे गेली होती.

खुर्चीचा राग नाही गं. पोरवय होतं. राग आहे तो त्या ग्रंथपालाच्या वेळचा. तो मला मागणी घालायला आला, मी आत चहा करत होते, आणि तू, चांगली चोवीस वर्षांची घोडी, त्याला म्हणालीस, ताईचं जन्मजात आहे, पुढच्या पिढीतही उतरतं म्हणतात. खरं कारण निघालं तर तुझं नाव निघेल, एवढीच तुला भीती. मी दाराआड उभी राहून ऐकलं. तो चहा न घेता गेला, पुन्हा आला नाही.

आता तुझ्या होणाऱ्या विहिणीने फोटोत माझं तोंड पाहिलं, आणि हे घराण्यात आहे का, असं विचारून लग्न अडवून धरलं. तुझ्यावर त्यांचा विश्वास नाही, म्हणून तू मला लिहितेस, ताई, लहानपणी पडले असं तूच कळव. पोरगी गुणी आहे. माझ्याकडे आली की गरम फडकं पिळून गालावर धरते. तिचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. विहीणबाईंना पत्र लिहून दोन दिवस पर्समध्ये ठेवलं होतं. काल पेटीत टाकलं. जन्मजात आहे, पुढच्या पिढीतही उतरतं म्हणतात, एवढंच लिहिलंय. वाक्य तुझंच आहे, सही तेवढी माझी.

तुझीच,
ताई