हवा न मानवणारे पाहुणे

पुणे, १२ जानेवारी २०२४

ति. विमलआत्या,
शि. सा. न. आणि तेवढीच कळकळीची तंबी. तुझ्याकडे घाटाखाली रेंज नाही, म्हणून पत्र.

फडताळातल्या माझ्या दोन बाटल्यांना हात लावू नकोस. बोअरचं ते बुळबुळीत, सोड्यासारखं पाणी तुला भांडी घासायच्याही लायकीचं वाटत नाही, पण त्यात खोल खडकातले जंतू जगतात. हवा लागली की मरतात. खायलाही त्यांना जवळजवळ काही लागत नाही. पाण्याला कुजका वास येतो म्हणून कोंडाजीकाकांनी माझी पाठ वळताच बोअरमध्ये सिमेंट ओतलं; इतकी शहाणी माणसं आपल्याच घरात जन्मतात. आता माझा सगळा प्रबंध त्या बाटल्यांवर आहे. महिनाअखेरीस गाडी घेऊन येते.

लोभ असू दे, झाकणाला हात नको.
तुझी रुचिता

खालापूर, १८ जानेवारी

चि. रुचितास आशीर्वाद, अक्कल वाढो.

तू पीएचडी करतेस म्हणून गावभर मिरवलं. शेजारची बुधी म्हणते, कुजक्या अंड्याचा वास घ्यायला पुण्याला जायची काय गरज व्हती गं. काय उत्तर देऊ?

हवा नाही, खाणं नाही, ही कसली जगायची रीत? माझ्या घरात आजवर कुणी उपाशी राहिलेलं नाही. बाटली उघडली, गुळाचा खडा टाकला आणि जरा मोकळं वाटावं म्हणून खिडकीत ठेवली. हवेनं कुणी मरतं, हे मला शिकवू नकोस.

माया आहेच, शहाणपण तेवढं तुझ्याकडून यावं.
आत्या

पुणे, २३ जानेवारी

ति. आत्या, नमस्कार मोठ्यांना करायचा असतो, म्हणून करते.

खडकाखाली कुणी विचारत नव्हतं तेव्हा जगले, तुझ्याकडे विचारपूस झाली आणि मेले. माझी इतकी वर्षं तुझ्या पाहुणचारात गेली. मला रडू येतंय, आणि तुला ते कळणार नाही याचा राग जास्त येतोय. गाडी आणत नाही. बाटल्या मोरीत ओत.

रुचिता

खालापूर, २८ जानेवारी

चि. रुचितास आशीर्वाद, राग असला तरी घे.

रडून झालं असेल तर नीट वाच. मी एकच बाटली उघडली होती. चार दिवस वाट पाहिली. ना बुडबुडा, ना फेस. माझ्या गुळाची ही किंमत. असल्या माजोरड्या पाहुण्यांना मी दुसऱ्यांदा आग्रह करत नाही. दुसरी बाटली तू ठेवलीस तशी फडताळात आहे, झाकणाला हात लावलेला नाही.

घेऊन जा तुझं ते नासकं गोत. मागल्या खेपेस तू चहासुद्धा न घेता गेलीस, म्हणून तुलाही आग्रह नाही. वालाचं बिरडं केलेलं असेल. वाटलं तर खा, नाहीतर राहा हवेवर.

तुझी आत्या, विमल