चार कुलपांची गच्ची

मेहकर, मे महिन्याची अखेर

आदरणीय भाऊरावदादा यांस धाकटा चुलतभाऊ धम्मरत्न याचा सविनय जय भीम.

नाशिकला आपली व वहिनींची प्रकृती उत्तम असावी आणि नळाला भरपूर पाणी असावे, अशी मंगल कामना. येथे प्रकृती ठीक आहे, पाणी नाही. फोनवर आपण "हाव, पाहतो" म्हणून ठेवून देता आणि पाहत नाही, म्हणून पत्र लिहीत आहे.

कारण समजण्यासाठी एका शब्दाच्या मुळाशी जावे लागेल. (आपण घाईत असाल, तरीही वाचावे.) गच्चीच्या दाराला आपल्या तळमजल्याच्या कडूबांचे एकट्याचे कुलूप असे आणि गच्चीवर त्यांच्या एकट्याच्या तुरी वाळत. म्हणून मी घरमालकांच्या बैठकीत स्पष्ट केले की, आपली इमारत ही सोसायटी नसून कायद्याच्या भाषेत 'कॉन्डोमिनियम' आहे. शब्द लॅटिन आहे. 'कॉन' म्हणजे सह, 'डोमिनियम' म्हणजे स्वामित्व. घरे येण्यापूर्वी तो राज्यांसाठी वापरीत. पॅसिफिकमधील काही बेटांवर इंग्रज आणि फ्रेंच यांनी मिळून राज्य केले. पोलीस दोन, कायदे दोन, तुरुंगही दोन. (आपले वऱ्हाडही निजामाचे म्हणायचे आणि इंग्रजांनी चालवायचे, असे होते. काटेकोरपणे ते कॉन्डोमिनियम नव्हे, पण सवय आपल्याला जुनी आहे.) तात्पर्य, फ्लॅट ज्याचा त्याचा, मात्र जिना, टाकी आणि गच्ची यांत प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा.

चौघांपैकी आपणच त्या बैठकीला नव्हतात. कडूबांनी सर्व शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "मंग त सोपं हाय ना सायेब. राज्य चौघायचं, त कुलूप एकाचं काऊन? चौघायचे चार लावू." शेजारच्या जनकाबाईंनी मान डोलावली. मीही शब्दाशी प्रामाणिक राहून संमती दिली. सर्वांच्या संमतीवाचून कोणतेही कुलूप तोडू नये, हे कलमही मीच घातले. बुद्ध पौर्णिमेला आपण आलात आणि आपलेही कुलूप लागले.

दुसऱ्या दिवशी चौघांनी मिळून टाकी धुतली. त्यासाठी टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला होता. आपली बस चुकेल म्हणून सारे घाईने खाली उतरलो, चार कुलपे चट् चट् दाबली गेली आणि आपण किल्लीसह नाशिकला गेलात. व्हॉल्व्ह बंदच राहिला. चार स्वामींपैकी एकालाही तो उघडावासा वाटला नाही. प्रत्येकाला वाटले, उरलेले तिघे आहेत.

तेव्हापासून अंगणातल्या बोअरचे पाणी बादल्यांनी दुसऱ्या मजल्यावर चढते. आम्ही तिघे रोज सकाळी किल्ल्या घेऊन दारापाशी जमतो, आपल्या कुलपाकडे पाहतो आणि खाली येतो. आपल्या भावजयीचे, मंजुश्रीचे, गुडघे आपण जाणता. तिने तक्रार केली नाही. पिशवी भरली आणि म्हणाली, "तुम्ही राहा तुमच्या शब्दात. मी नळ असलेल्या घरात राह्यते." ती शेगावला बहिणीकडे आहे. नळ सुरू झाल्याचे मी सांगेन तेव्हा परतेल. केवळ माझ्या सांगण्यावर नव्हे, फोनवर धार वाहताना ऐकवली तर.

वहिनींना नमस्कार.

आपला
धम्मरत्न

ता. क. किल्ली कुरियरने पाठवू नये. स्वतः यावे.

ता. क. २. कारण फक्त आपल्यासाठी लिहितो. माझी किल्ली गच्चीवर टाकीच्या काठावर राहिली आहे, बंद दाराच्या आत. रोज सकाळी मी कपाटाची किल्ली हातात घेऊन उभा राहतो. कडूबांना हे कळल्यास मला मेहकर सोडावे लागेल. तरी आल्यावर आपण आपले कुलूप उघडावे, 'धम्मरत्नचे गंजले आहे' असे मोठ्याने म्हणावे आणि वडीलकीच्या अधिकाराने ते तोडावे. मी कलम दाखवून विरोध करीन. कृपया ऐकू नये.