गाडीत जागा झाली

प्रिय पोशी,

आधी तुका मास्तरांना सांगते. मास्तर, हे पत्र तुम्हीच पोशीला वाचून दाखवणार, तर तिच्या कानाशी कुजबुजू नका. अंगणात बसा आणि खणखणीत वाचा. तिचा लेक राघो घरात असेल तर त्यालाही बोलवा. अक्षर वाकडं आहे, ठाऊक आहे मला. नात चैती पाटीवर गिरवते, तिच्या शेजारी बसून म्हातारपणी शिकले. जोडाक्षर आलं की अजून घाम फुटतो.

आता तू ऐक, पोशी. माझ्या गाडीत जागा झाली! मागच्या खेपेला मीठ-सुकट घेऊन खोडाळ्याला आले, तेव्हा तू म्हणालीस, फागे, मलाही ने की, बाजार बाजार फिरू. तर राघो खदखदून हसला. म्हणाला, काकी, तुमच्या गाडीत तुम्हालाच गोणीवर मुटकुळं करून निजावं लागतं, पाय गेलेली माझी आई कुठं ठेवणार, शिंक्यात? सगळे हसले. मीही हसले, कारण खोटं काय होतं त्यात? धनी गेल्यापासून महिन्यातले वीस दिवस मी त्या गाडीच्या छताखाली काढते, पण गोण्या, टोपल्या, मडकी, बैलांचा पेंढा, यातून माणसाला उरतंच काय! जव्हारला येईपर्यंत मात्र माझं हसू ओसरलं.

तशीच गोमा सुताराकडे गेले. म्हटलं, गाडीचा साटा रिकामा पाहिजे, माणूस पाय लांब करून झोपेल एवढा. तो म्हणतो, मग सामान? म्हटलं, ते तू शोध, रंधा तुझ्या हातात आहे. त्यानं ऐनाच्या फळ्यांची पेटी करून गाडीच्या शेपटाला ठोकली. मी हरखून तीत सगळं मीठ भरलं आणि मोखाड्याला निघाले. पहिल्याच चढाला गाडी उलार झाली. मागं सगळा भार, पुढं काहीच नाही. जू वर उचललं गेलं, बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळले आणि मी घसरत सुकटीच्या टोपलीत! कोयत्यानं पट्टे तोडले म्हणून जनावरं वाचली. चूक गोमाची नाही, माझीच. धनी नेहमी सांगायचे, भार चाकांच्या आसावर ठेव, बैलाला कळतसुद्धा नाही. ते गोमाला सांगायचंच राहिलं.

घरी आले तर लेक म्हणतो, आये, आता गाडी मोड आणि ओटीवर बस. म्हटलं, बसायचंच तर मी गाडीत बसते की!

मग तागाची जाड झोळी शिवली आणि साट्याखाली, बरोबर आसाजवळ टांगली. मीठ तिच्यात. बैल असे चालले की काय सांगू! पण पोशी, नदी आहे हेच मी विसरले. वाघ नदीत उतरलो, पलीकडे चढलो, बघते तर अर्धं मीठ नदीनं खाल्लेलं. खालच्या पाड्यावर त्या दिवशी कुणाचं कालवण आळणी झालं नसेल. आता झोळीला दोर लावलाय. पाणी आलं की ओढते, झोळी साट्याच्या पोटाला चिकटते. गोमाच्या पेटीत नुसती सुकट, हलकी, वासही बाहेरच्या बाहेर. छताला बांबूच्या कड्या बांधल्यात, त्यांत मडकी, कोयता, वंगणाचा नळा. बाजूला तट्ट्याचे खिसे विणलेत, त्यांत पान-तंबाखू. गोमाची बायको बघून म्हणाली, म्हातारे, या वयात एवढा थाट कुणाला दाखवायला? म्हटलं, खोडाळ्याला आहे एकजण.

परवा त्या रिकाम्या साट्यावर मी चांगली पाय पसरून आडवी झाले. शेजारी चैतीला निजवलं, तिच्या पलीकडे तिच्या आईला. तिघी मावलो! इतकी हसले की बैल मागं वळून बघायला लागले.

राघो, आता तू म्हणशील, आईला उचलणार कोण? मी उचलीन. मिठाची गोणी उचलते मी, तुझी आई तिच्या निम्मी उरली आहे. म्हणशील, तिचे पाय चालत नाहीत. गाडी बैल ओढतात, हाकते मी, पाय लागतात कुणाला? तिनं बसायचं आणि गिऱ्हाइकाशी भांडायचं. मिठाच्या बदल्यात नागली घेताना लोक मापात खडे घालतात, मला बोलायची लाज वाटते. पोशीला कधी वाटली नाही. लग्नाआधी आम्ही मोहाची फुलं विकायचो, तेव्हा तिचा आवाज ऐकून वाणी दुकानाचं दार लावून घ्यायचा. तू आईला उपाशी ठेवत नाहीस, राघो, हे मी चार माणसांत सांगेन. पण पडवीत कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसून भाकर खाणं म्हणजे जगणं, असं मी काही म्हणणार नाही.

आणि पोशी, हे पत्र का लिहिलं ते सांगते. त्या दिवशी सगळे हसले तेव्हा तूही म्हणालीस, मी आपली गंमत केली. पण पडवीला लागून उभी गाडी निघाली तेव्हा साट्याच्या कडेला तुझा हात होता. राघोनं तुझी बोटं एकेक करून सोडवली. त्याला वाटलं आधाराला धरलं असेल. मी पुढं बघत बसले, बैल हाकले, कारण तेव्हा माझ्याकडे जागा नव्हती. आता आहे. येत्या बाजाराला सकाळीच दाराशी येते, अंथरूण घालूनच येते. पण मला कुणी म्हणायला नको की फागीनं म्हातारीला पळवून नेलं. म्हणून पत्र. तर मास्तरांचं वाचून होतंय, राघो समोर आहे, शेजारीपाजारी जमले असतील, त्यांच्या देखत एकदा मोठ्यानं म्हण, मी जाणार.

तुझीच,
फागी