दोन रेघांखाली एक ठिपका

बाबा, परवा सकाळी मी खांब गावच्या गुरुजींच्या गाडीचा टर्बो खोलला आणि तिथंच, ऑइल सांडलेल्या फरशीवर, बसकण मारली. गुरुजी घाबरले. बीपी-बिपी आहे की काय म्हणून पाण्याची बाटली घेऊन धावत आले. दोन दिवस झाले, अजून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांनी माणूस असा धक्का देतो का हो? तुमच्याशी बोलायचा दुसरा मार्ग नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

पेणच्या आपल्या गॅरेजातला तो दिवस तुम्हीही विसरला नसणार. मी तेवीस वर्षांची, डिप्लोमा झालेली, आणि आपल्याला सगळं येतं अशा तोऱ्यात. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातली पांढरी धूळ आपल्या टेबलावर बसते आहे, तुम्ही घरी जेवायला गेला आहात आणि गिऱ्हाईक बाकावर पेपर वाचतं आहे. त्याची तक्रार एकच, तीन हजार आरपीएमच्या पुढं गाडी दमते. मला कारण ठाऊक होतं. इंजिनाचा धूर बाहेर जाताना टर्बोतला एक पंखा फिरवतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. इंजिन जोरात फिरायला लागलं की हा धुराकडचा लहान पंखाच धुराची वाट अडवतो. त्याच्या पात्यांची टोकं तिरकी कापली की वाट मोकळी होते. सुरुवातीला गाडी जरा जड उठते, पण वेग घेतला की सुटते. मी ग्राइंडरपुढं बसून अकराच्या अकरा पाती कापली आणि मधल्या बोंडावर माझी खूण कोरली, दोन रेघा. ज्यानं काम केलं त्यानं खूण करायची, म्हणजे पुढं काही झालं तर कुणाला विचारायचं ते कळतं, ही रीत तुमचीच. तुमचा एक ठिपका, माझ्या दोन रेघा.

तुम्ही आलात, पंखा दांड्यासकट उचललात, दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच फिरवलात. तो थांबला. पुन्हा फिरवलात, पुन्हा तेच पातं खाली येऊन थांबलं. तिसऱ्यांदाही तेच. एक बाजू जड राहिली होती आणि मी ती तपासलीच नव्हती. तुम्ही तो सरळ भंगाराच्या पिंपात भिरकावलात.

"मिनिटाला लाखभर फेरे घेतो ह्यो! फुटला तर? माणसं बसतात गो त्या गाडीत!"

एवढं मी गिळलं असतं, कारण तुमचं बरोबर होतं. पण मग तुम्ही गिऱ्हाइकाकडे वळलात आणि म्हणालात, "हिचा हात यंत्राला लावायच्या लायकीचा नाय. चूक माझी हाय, मीच डोक्यावर चढवली." माझ्यासमोर, परक्या माणसाला.

दोन महिन्यांत मी रोह्याला आले, नदीपलीकडच्या अष्टमी गावात पुलाच्या तोंडाशी गाळा घेतला. आपण भेटत राहिलो, लग्नाकार्यात, आईच्या आजारपणात. ताटात काय वाढलंय, पाऊस किती झाला, एवढंच बोललो. सोळा वर्षं मी सर्व्हिसिंग करते, सील बदलते, गळती काढते. कुणी म्हणालं, "मॅडम, टर्बोचं काहीतरी करून पॉवर वाढवून द्या," की त्याला हाकलते. लोकांना वाटतं बाई शिस्तीची आहे. शिस्त कसली डोंबलाची! तुमचं ते वाक्य मी खरं मानलं होतं.

आणि परवा गुरुजी आले. तुमचे जुने गिऱ्हाईक म्हणून मी त्यांना नावानं ओळखत होते, पण गाडी माझ्याकडे पहिल्यांदाच आणली. निळा धूर मारत होती. "गाडी उठायला आळशी हाय," ते म्हणाले, "पण कोलाडच्या पुढं मोकळा रस्ता लागला का ऐकत नाय कुणाला." मी टर्बो खोलला, काजळी डिझेलनं पुसली, आणि बोंडावर दोन रेघा. माझ्या दोन रेघा, बाबा! माझाच पंखा, जो मी पिंपात पडताना डोळ्यांनी पाहिला होता. सगळी पाती पुन्हा एकसारखी घासलेली. मागच्या बाजूला बॅलन्स करताना काढलेल्या धातूचा गुळगुळीत खळगा. आणि रेघांच्या खाली तुमचा ठिपका. फरशीवर बसकण मारली ती तेव्हा.

"तुमच्या बाबांनी बसवलाय ना तो," गुरुजी सांगायला लागले. "पेपरात गुंडाळून एसटीनं पुण्याला घेऊन गेलेवते, बॅलन्स करायला. दोनदा. मी म्हटलं, माझ्या जिवावर प्रयोग नको. तर म्हणाले, महिनाभर मी चालवतो, मग तू बस. आणि खरंच चालवली की! मला म्हणाले, पोरीनं कोन बरोबर धरलाय, मला नसता सुचला. फक्त घाई केलीन."

मला आधी रागच आला, सांगते. हे तुम्ही गुरुजींना सांगितलंत, मला नाही! अपमान चारचौघांत आणि कौतुक माझ्या माघारी, हा कुठला न्याय? मी गुरुजींवरच ओरडले, "मग मला का नाय सांगितलं कुणी?"

गुरुजी गोंधळले. "अगो, सांगायलाच आलोवतो आम्ही. तुम्ही रोह्याला आलात त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी. गाडी मी चालवत होतो, ते बाजूला. पोरीला दाखवायचीय, म्हणाले. पण तुमचं शटर बंद होतं. अर्धा तास थांबलो. म्हणाले, कामाला गेली असेल कुठंतरी, म्हणजे बरं चाललंय तिचं. मग परत फिरलो."

"व्हय," मी म्हटलं, "कोलाडला गेली असेन."

टर्बोचं तेल गळणारं सील बदललं. पंखा तोच ठेवला, तुमच्यासारखा चिमटीत धरून फिरवून पाहिला, दर वेळी वेगळंच पातं खाली येऊन थांबलं. गुरुजी खुशीत गाडी घेऊन गेले.

पण कोलाडला मी गेले नव्हते. ती गाडी पुलावरून उतरताना मी पाहिली, पुढच्या सीटवर तुम्ही. वाटलं, आता इथंही येऊन माझ्या गिऱ्हाइकांसमोर बोलणार. मी आत शिरून शटर ओढून घेतलं आणि जॅकच्या खोक्यावर अंधारात बसून राहिले. तुम्ही दोनदा हाक मारलीत, ती ऐकली. मग गाडी निघाली. सुरुवातीला जरा जड उठली, तेव्हा मी मनात म्हटलंसुद्धा, कुणाचं काम आहे कोण जाणे.

गुरुजींना अजून कोलाडचंच खरं वाटतंय. आणि हा कागद तुमच्या फोटोपुढं ठेवायचीही माझी हिंमत नाही.