नेमक्या मापाचं कव्हर

१० फेब्रुवारी

चि. टाचणी हिस,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. गुडघ्याचे टाके निघाले, काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते-येते. डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून दोन महिने प्रवास नाही आणि पायमशीन तर नाहीच. हाताने टाके घालते, काजं करते, वेळ जातो.

शनिवारी तुझं लग्न नोंदवलं गेलं, चांगलं झालं. मला बघता आलं नाही. तू मुद्दाम पाठवलेल्या लॅपटॉपवर नेट लागलंच नाही. मी दहापासून बसले होते. कोपऱ्यात लाल फुली आली, ती काही जाईना. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी त्यांच्या वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून दिला होता, पण तो घालायला जागाच दिसेना. यंत्राच्या मनात नव्हतं, त्याला आपण काय करणार? मी शिवणाच्या मशीनची माणूस. मला यातलं काय कळतंय.

लॅपटॉप जपून ठेवलाय. धूळ बसू नये म्हणून अस्तर लावलेलं कव्हर शिवलंय, अगदी नेमक्या मापाचं, सूतभर इकडे नाही की तिकडे नाही. तुला परत हवा असेल तर कळव.

मागच्या खोलीत सध्या कापडाचे गठ्ठे ठेवलेत. रिकामी खोली रिकामी ठेवून काय करायचं?

त्या गृहस्थांना नमस्कार सांग.

तुझी
मोठी बहीण


१४ जून

चि. सौ. टाचणी हिस,

अनेक आशीर्वाद. आणि आता बस खाली, कारण तुझ्या ताईनं गड सर केलाय. नेट लागलं! मी लावलं. एकटीनं लावलं, ह्या दोन हातांनी! हे पत्र लिहितेय आणि शेजारी लॅपटॉप उघडा आहे. कोपऱ्यातली फुली गेली. तिथे आता छोट्या कमानी दिसतात, एकावर एक, आणि दर ओळीनंतर मी मान वळवून बघते की आहेत ना जागेवर. आहेत.

गुडघा बरा आहे. काठी कोपऱ्यात उभी आहे. पण ते राहू दे, आधी हे ऐक.

माझ्या फेब्रुवारीतल्या पत्राला तू एका ओळीचं उत्तर पाठवलंस. ‘ताई, यंत्राच्या मनात नव्हतं, की तुझ्या?’ बस. त्यानंतर फोन उचलणं बंद. तुला टाचणी नाव मी उगीच नाही ठेवलं. एवढीशी, पण टोचते ती नेमकी तिथेच. मला असा राग आला म्हणतेस! म्हटलं, माझ्यावर आळ घेते काय? थांब, यंत्रच बिघडलेलं आहे हे चार लोकांसमोर सिद्ध करते आणि तसं लिहून घेऊन हिला पाठवते.

गुडघ्यानं जिना उतरू दिला त्याच दिवशी समोरच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. चाळिशीचा आहे, कायम घाईत, कानाला फोन. त्यानं कव्हर काढून माझ्या हातात दिलं, लॅपटॉप आत नेला आणि पाच मिनिटांत चालू करून आणला. “काही बिघाड नाही मावशी. बंद होतं, चालू केलं.” मला तोंडात मारल्यासारखं झालं. घरी आणला, पुसला, कव्हर घातलं, सकाळी काढला. फुली!

पुन्हा त्याच्याकडे. पुन्हा चालू. घरी आणून कव्हर घातलं, सकाळी फुली. तिसऱ्या खेपेला त्यानं हात टेकले. “मावशी, माझ्याकडे हसतो आणि तुमच्याकडे येऊन रुसतो, त्याला मी काय करू? तुमच्या घरातच काहीतरी आहे.” मी म्हटलं, “घरात मी आहे, दुसरं कोण असणार?” त्यानं लॅपटॉप माझ्या हातात ठेवला.

मग मी आणि तो, समोरासमोर. लॅपटॉप म्हणतेय मी. शिवणाचं टेबल मोकळं केलं आणि बसले. नर्सबाईंनी ड्यूटीला जाता जाता दोन युक्त्या सांगितल्या होत्या. पहिली म्हणजे डावीकडे खाली ‘एफएन’ लिहिलेलं बटण दाबून धरायचं आणि वरच्या रांगेतलं मनोऱ्याचं चित्र असलेलं बटण दाबायचं. दाबलं. पडद्यावर विमान आलं. पुन्हा दाबलं, विमान गेलं. रागाच्या भरात दहा वेळा दाबलं, तेव्हा शेवटी विमान आलं होतं की गेलं होतं ते माझ्या लक्षात राहिलं नाही. दुसरी युक्ती सेटिंग्जची. तिथे नेटवर्क नावाचं दालन उघडायचं, त्यात वायफायपुढे एक आडवी गोळी असते, ती सरकवायची. मी सरकवली की ती मागे येऊन बसायची. साडेतीन तास हे चाललं होतं. आयुष्यात इतका वेळ कुणी माझं ऐकलं नाही, असं कधी झालं नव्हतं. म्हणजे तू सोडून.

शेवटी कंटाळून त्याला कव्हरात घालायला घेतलं आणि टेबलाच्या दिव्याखाली एक धागा दिसला. निळा. लॅपटॉपच्या पुढच्या कडेला अडकला होता. आता शिवणारणीला लोंबता धागा दिसला तर ती त्याला हात लावल्याशिवाय राहील का? ओढला, तुटेना. चष्मा पुसून वाकून बघितलं, तर त्या कडेला नखाएवढं सरकतं बटण! धागा त्याच्या फटीत. बटणाशेजारी तांबडा ठिपका. नखानं उजवीकडे ढकललं, टक् झालं आणि तांबड्याचा निळा दिवा झाला.

काखेत कळसा म्हणतात तो हाच. वायफायचं खरं कुलूप तिथे होतं. ते बंद असलं की आतल्या गोळ्या आणि मनोरे काही कामाचे नाहीत. आणि बंद कोण करत होतं? माझं कव्हर! त्याचं तोंड मी बाजूला ठेवलंय, आणि माप इतकं नेमकं, की घालताना अस्तराची शिवण त्या कडेवरून घासत जाते आणि बटण डावीकडे ओढून नेते. बोटभर सैल शिवलं असतं तर काहीच झालं नसतं. दुकानदारानं दर वेळी कव्हर आधी काढून माझ्या हातात दिलं, आत नेऊन घाईत बटण सरकवलं, कुठलं ते मला दाखवलं नाही, आणि मी दर वेळी घरी येऊन प्रेमानं घातलं.

मग काय, मी सुटलेच. बटण उजवीकडे. एफएन धरून मनोरा, विमान गेलं. सेटिंग्ज, नेटवर्क, गोळी सरकवली आणि या वेळी बसली जागेवर! नर्सबाईंच्या वायफायचं नाव आलं, पासवर्ड घातला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर. कमानी उजळल्या. मी खुर्चीतून उठून एकटीच टाळ्या वाजवल्या. मग खिडकी उघडून समोर ओरडले, “अहो कॉम्प्युटरवाले, लागलं!” तो धावत आला, बटण बघितलं, धागा बघितला. म्हणाला, “मावशी, लोक सुतावरून स्वर्ग गाठतात ते ऐकलं होतं. तुम्ही वायफाय गाठलंत.” काल त्यानं स्वतःच्या दुकानात कुणाला तरी सांगितलं, “समोरच्या मावशींना विचारा.” विचार कर!

तर टाचणी, यंत्र निर्दोष निघालं. मी सिद्ध करायला निघाले होते एक आणि झालं दुसरंच. त्यामुळे आता उरलेलंही सांगते, नाहीतर हा विजय घशाखाली उतरणार नाही.

त्या शनिवारी फुली आली हे खरं. पण समोरचं दुकान उघडं होतं. तो दारात चहा पीत उभा होता, मला खिडकीतून दिसत होता. नुसता हात केला असता तरी आला असता. मी हात केला नाही. फुली बघून मला हायसं वाटलं. लॅपटॉप मिटला, कव्हर घातलं आणि बारा वाजेपर्यंत काजं करत बसले.

कव्हराचं कापडही सांगते. निळं, तुझ्या आवडीचं. ते मी तुझ्या लग्नाच्या जाकिटासाठी आणलं होतं. कात्री हातात घेतली आणि मधूनच एक तुकडा कापून कव्हर शिवलं. मुद्दाम. तू आलीस तर दिसावं म्हणून.

तुझे यजमान, ते घड्याळं दुरुस्त करणारे, मला नावडते नाहीत गं. मी त्यांना ओळखतच नाही. ग्रंथालयातून तू निवृत्त झालीस की इकडे येणार, मागच्या खोलीत राहणार, हे आपलं आई गेल्यापासून ठरलेलं होतं. मी ती खोली रंगवून घेतली होती. तुला बोलले नाही. आणि मग तुझा फोन आला की, ताई, मी लग्न करतेय. तू इतकी हसत होतीस, आणि मला एकटं राहायची भीती वाटली. बासष्ट वर्षांच्या बाईला भीती वाटली हे कुणाला सांगणार? म्हणून रागावले. मागच्या पत्रात तुझ्या नावाआधी ‘सौ.’ गाळलं, तेही चुकून नव्हतं.

माफ कर, एवढंच म्हणते.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला मी या लॅपटॉपसमोर बसलेली असेन. तू फोन लाव. नाही लावलास तर त्याच्या पुढच्या रविवारी बसेन. बसायची मला सवय आहे.

कव्हर काढून, बटण उजवीकडे ठेवून वाट बघणारी
तुझी ताई


२ जुलै

चि. सौ. टाचणी हिस,

अनेक आशीर्वाद. दोनदा तोंड पाहून बोललो, मग पत्र कशाला, असं म्हणशील. पार्सलबरोबर चार ओळी हव्यातच. शिवाय पडद्यावर तुला माझी बाजू दिसली नाही.

पहिल्या रविवारी तू लावला नाहीस. मी एकपर्यंत बसले. नर्सबाई दोनदा डोकावून गेल्या. मी कमानी मोजत होते. त्या सगळ्या होत्या, दोष द्यायलाही काही नव्हतं. तेव्हा कळलं, फेब्रुवारीत तू तिकडे कशी बसली असशील.

आणि परवाच्या रविवारी दहा वाजून चार मिनिटांनी वाजला! तुझा चेहरा आला. केस किती पांढरे केलेस गं! मग तू ‘ताई’ म्हणालीस आणि रडायला लागलीस, आणि मी तुला जवळून बघायला म्हणून दोन्ही हातांनी लॅपटॉप ओढला. अंगठा गेला तो नेमका त्या बटणावर. टक्. तू गेलीस.

वाटलं, ही म्हणणार, बघा, रडले तर बंद केलंन्. आता ही जन्मात लावणार नाही.

पण टाचणी, पूर्वीची मी असते तर यंत्राच्या नावानं बोटं मोडत बसले असते. बटण उजवीकडे. निळा दिवा. कमानी येईनात, सेटिंग्ज उघडलं, गोळी सरकवली. एकही टाका चुकला नाही. आणि फोन या वेळी मी लावला. तू उचललास, डोळे पुसत, आणि म्हणालीस, “मला वाटलंच होतं तू लावशील.” खरंच वाटलं होतं? नसलं तरी तसंच सांग.

मग ते मापाचं. मी म्हटलं जाकिटाला माप हवं, तर तुझ्यामागून मेहुणे टेप घेऊन हजर! मी इकडून सांगतेय, “खांद्याच्या हाडापासून, हाडापासून धरा,” आणि ते डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून टेप वाचताहेत. “साडेचौदा आणि एक सूत.” एक सूत, इंचाचा आठवा हिस्सा! गेली चाळीस वर्षं मला कुणी माप देताना सूत सांगितलं नाही. मी मुद्दाम म्हटलं, “पुन्हा घ्या.” पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मग म्हणाले, “ताई, श्वास घेऊन मोजू की सोडून?” तू ओरडलीस, “दोघं मिळून मला मारणार आहात!” आणि मी हसले ती इतकी, की नर्सबाई वरून खाली आल्या.

जाकीट पाठवतेय. कापड पुरलं. कॉलरीच्या आत जोड द्यावा लागला. तो तुकडा मी कव्हर उसवून काढला, नीट बघितलंस तर अस्तराच्या टाक्यांची भोकं दिसतील. माप मेहुण्यांनी दिलं तेच घेतलंय, फक्त सगळीकडे बोटभर सैल ठेवलंय. त्यांना सांग, त्यांचं माप चुकलं नव्हतं.

लॅपटॉप आता टेबलावर उघडाच असतो. धूळ बसते, पुसते.

मेहुण्यांना माझा नमस्कार. मागच्या खोलीतले गठ्ठे हलवले, खिडकी धुऊन घेतली. जाकीट घालून दोघंही या. खोलीचं माप मी स्वतः घेतलंय. दोघांचा पलंग बसतो, आणि वर दीड हात जागा उरते.

तुझी
ताई