कुलूप उघडलेला सरकारी फोन

२ नोव्हेंबर, रविवार

दादा-वहिनी सकाळच्या बसनं माझ्याकडे पांढरकवड्याला आले. बाजार हे निमित्त. वहिनींनी पिशवीतून आधी अंबाडीची जुडी काढली, मग रुमालात गुंडाळलेला अंगणवाडीचा फोन.

"ताई, याले पाहा एकदा. आठाले अ‍ॅप दाबलं तं दहाले उघडते."

दहाच्या आत मुलांसोबतचा फोटो गेला नाही तर गैरहजेरी लागते. दोन नोटिसा झाल्यात. तिसरी आली की कामावरून कमी, असं बैठकीत सांगितलंय. वहिनी एकोणीस वर्षं पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीतल्या, अंगणवाडीत चालत जातात, आणि आता फोन हळू म्हणून घरी बसायचं.

फोन पाहिला. माल वाईट नाही, आतलं सॉफ्टवेअर जड झालंय. कॉलेजच्या लॅबमधले चौदा मेलेले कॉम्प्युटर मी लिनक्स टाकून उठवले, हा तर हातात मावणारा. म्हटलं, मूळचं काढून हलकं टाकते, संध्याकाळच्या बसनं घेऊन जा.

दादा म्हणाला, "सरकारचा फोन हाय. मॅडमले इचारून घ्या आधी."

"विचारलं की नाहीच म्हणतात," मी.

दुसरं सॉफ्टवेअर टाकायचं तर आधी फोनचं आतलं कुलूप उघडावं लागतं, आणि ते उघडलं की सगळं पुसलं जातं. वहिनींना तीनदा विचारलं, माहिती वर गेली ना? हाव, हाव, हाव. मग केलं. अकरा वाजता फोन नवा. साडेअकराला सरकारी अ‍ॅप टाकलं, तर म्हणे, हे उपकरण सुरक्षित नाही. बंद. पुन्हा उघडलं. पुन्हा तेच.

वहिनी समोरच बसलेल्या. मी चेहरा सरळ ठेवला. फोन मूळचाच आहे असं अ‍ॅपला भासवणारा एक जोड मिळतो, तो शोधला, टाकला, नाही चालला, दुसरा टाकला. जेवले नाही. चारला अ‍ॅप उघडलं. वीस सेकंद.

वहिनींनी पदरानं काच पुसली. दादा बाजार करून आला तेव्हा सगळं झालेलं होतं.

५ नोव्हेंबर, बुध.

वहिनींचा फोन. सव्वानऊला फोटो गेला. कालही, परवाही. "बाई, तुमच्या हातात जादू हाय." या बाई मला 'मशिनीशीच लगीन लावा' म्हणत होत्या. इतक्या वर्षांत पहिलं कौतुक. दिवसभर लॅबमध्ये उगाच हसत होते.

८ नोव्हेंबर, शनि.

एक गोष्ट त्यांना सांगायची राहिली होती, आज फोनवर सांगितली. कुलूप उघडलेला फोन बंद करून चालू केला की सुरुवातीला पाच सेकंद पिवळी अक्षरं येतात, कुलूप उघडं आहे म्हणून. ती कशानंच जात नाहीत. म्हणून मॅडमसमोर फोन बंद होता कामा नये. चार्जिंग भरलेलं ठेवा.

"अन् लाइन गेली तं?"

पोडावर लाइन किती वेळ असते ते मला माहीत आहे. माझी पॉवर बँक उद्या दादाजवळ देते म्हटलं.

हे मी रविवारीच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या, म्हणून नाही सांगितलं. इथे तरी खरं लिहावं.

१२ नोव्हेंबर, बुध.

दुपारी अनोळखी नंबर. शेजारच्या पोडावरच्या सेविका, पुष्पाबाई. "तुमच्या वहिनीचा फोन लय जोरात चालून राह्यला. 'माह्या नणंदेनं केला' म्हनते थे. आमचाबी करून द्या ना ताई."

नाही म्हटलं, असं काही नाही, नुसती साफसफाई केली. पुष्पाबाई हसल्या.

लगेच वहिनींना लावला. "कशाला सांगितलं?"

"काहून? चोरी केली काय? माही नणंद हुशार हाय थे सांगतलं."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मी त्यांना काय समजावणार. ओरडले त्यांच्यावर. ठेवून दिल्यावर मात्र ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत होतं. माझी नणंद हुशार आहे. बरं वाटत होतं आणि बरं वाटल्याचा रागही येत होता.

१४ नोव्हेंबर, शुक्र.

वीस तारखेला बैठक. सुपरवायझर मॅडम सगळ्यांचे फोन हातात घेऊन तपासणार. वहिनींनी अगदी सहज सांगितलं.

मी आजपासून मूळचं सॉफ्टवेअर शोधतेय. या सरकारी खेपेच्या फोनचं वेगळंच आहे, बाजारातल्या फोनचं चालत नाही. इंटरनेटवर एकानं दिलंय, तो म्हणतो चालेल. चाललं नाही तर फोनची रेंज जाते, कायमची. आणि नुसतं मूळचं टाकून भागत नाही, वर कुलूपही पुन्हा लावावं लागतं. त्यात एक पायरी चुकली तर फोनची वीट होते, मग तो कोणालाच चालू करता येत नाही.

रविवारी लॅपटॉप घेऊन जायचं. दुसरा दिवस नाही.

१६ नोव्हेंबर, रवि.

केळापूरच्या पुढे फाट्यावर उतरले, दादा गाडी घेऊन आला होता. कापूस वेचायला मजूर मिळत नाहीत, त्यात मी.

ओसरीवर लॅपटॉप उघडला. फोन मागितला. वहिनींनी दिला नाही.

"पह्यल्यासारखा हळू होईन ना मंग?"

"होईल. पण पकडले जाणार नाही."

"अन् तिसरी नोटीस येईन."

मी म्हटलं, नोटिशीला उत्तर देता येतं. त्या म्हणाल्या, "ताई, दोन हप्ते झाले. सव्वानवाले फोटो जाते अन् मी मोकळी. सोमवारी थ्या भीमाबाईच्या नातवाचं वजन घ्याले त्याच्या घरी गेलती. पाय सुजले होते त्याचे. दवाखान्यात पाठवलं. पह्यले मी त्या टायमाले फोन घेऊन टेकडीवर अ‍ॅप उघडाची वाट पाहत उभी राहो. मी नाई देत."

दादा आतून ओरडला, "देऊन टाक तिले. जसा होता तसा करू दे."

वहिनींनी फोन कमरेला खोचला आणि चहा ठेवायला गेल्या.

हिसकावून घ्यायचं मनात आलं होतं. खरंच आलं होतं. आधी पुरतं न सांगता केलं, आता त्यांनी नाही म्हटल्यावर तरी ऐकायला पाहिजे. रिकाम्या हातानं परत आले.

१८ नोव्हेंबर, मंगळ.

झोप नीट नाही. लॅबमध्ये एका मुलीवर विनाकारण खेकसले. परवाची रजा टाकली आहे. बैठकीत जाऊन सांगते, मी केलं, वहिनींना काही माहीत नव्हतं. शेवटी आपलेच दात, आपलेच ओठ. दाताला तरी कळायला पाहिजे.

२० नोव्हेंबर, गुरु.

सगळं लिहून ठेवते.

शाळेच्या खोलीत बैठक, नऊ सेविका. मी बाहेर पायरीवर, खिडकी उघडी. मॅडम तापट नाहीत, थकलेल्या दिसत होत्या. वहिनींचा फोन हातात घेतला, फोटोंच्या तारखा पाहिल्या. "वा, तुमचे सगळे वेळेवर." मला वाटलं सुटलो.

मग त्या म्हणाल्या, अ‍ॅपची नवी आवृत्ती आली आहे, सगळ्यांनी फोन एकदा बंद करून चालू करा. स्वतःच्या हातानं वहिनींचा केला.

पाच सेकंद. मी बाहेर बसून मोजले.

"हे पिवळं काय आलं?"

मॅडमनी कोणाला तरी फोन लावला, पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. मी उठले, दारापर्यंत गेले. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "हे बघा, यात लेकरांचे फोटो आहेत, आयांचे आधार नंबर आहेत. तुम्ही स्वतः काही खटपट केली असेल तर एक गोष्ट. बाहेरच्या माणसाच्या हातात फोन दिला असेल तर ते प्रकरण फार वेगळं होईल. कोणी केलं?"

माझं तोंड उघडलेलं होतं. वहिनींनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे. आईसमोर मला गप्प करताना पाहायच्या तसंच.

"मी केलं," वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही?"

"हाव. मीच."

पुष्पाबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना सगळं ठाऊक. त्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

मी उंबऱ्यापाशी उभी. बोलले तर वहिनी खोट्या पडणार आणि प्रकरण 'फार वेगळं' होणार. गप्प बसले तर त्यांनी माझं केलेलं स्वतःवर घ्यायचं. गप्प बसले. आणि एक क्षण, अगदी एकच, सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

मॅडमनी निवेदन लिहून घेतलं. फोन पाकिटात घालून वर सही केली. निघताना मला विचारलं, "तुम्ही कोण?"

"नणंद."

"आत का येत होता?"

"पाणी प्यायला."

२३ नोव्हेंबर, रवि.

दादाचा फोन. "म्या तुले पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं." बस, एवढंच. बरोबर बोलला. मी 'हो' म्हटलं, त्यालाच आश्चर्य वाटलं असेल, आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं.

फोन नाही, म्हणून वहिनी जुन्या वह्यांवर काम करताहेत. भीमाबाईच्या नातवाच्या पायाची सूज उतरली म्हणे.

२७ नोव्हेंबर, गुरु.

वहिनींना पत्र आलं. सोमवारी अकराला प्रकल्प कार्यालयात समक्ष हजर राहून खुलासा करावा. खाली एक ओळ, दादानं फोनवर वाचून दाखवली: फोनमधील बदल कोणत्या पद्धतीने केला ते सांगावे. तिथे एक कॉम्प्युटरवाला साहेब बसणार आहे.

पुष्पाबाईंनाही बोलावलंय.

संध्याकाळी त्यांचाच फोन. "ताई, मले इचारलं तं मी काय सांगू? मलेबी दोन लेकरं हायेत."

मी काय सांगणार. खोटं बोला म्हणू? खरं बोला म्हणू? म्हटलं, तुम्हाला पटेल ते सांगा. किती पुळचट वाक्य. त्यांनी फोन ठेवून दिला.

२९ नोव्हेंबर, शनि.

ठरवलं होतं, सोमवारी मीच जाते आणि सांगून टाकते. वहिनींना तसं कळवलं. त्या चिडल्या. "तुमी आल्या तं मी खोटी अन् चोर दोनी होईन. तुमच्या मनाले बरं वाटावं म्हनून मी घरी बसू काय?"

माझं खरं बोलणंही माझ्याच सोयीचं निघालं.

"उद्या सकाळच्या बसनं येतो," म्हणाल्या. "मले शिकवा."

३० नोव्हेंबर, रवि.

आठलाच आल्या. सोबत एकरेघी वही. दादा नाही आला, शेतात गाडी भरणं चालू आहे.

माझ्याकडे त्याच कंपनीचा जुना फोन होता, काच तडकलेला. तो आणि लॅपटॉप पाटावर ठेवले. वहिनी सातवी शिकलेल्या. लॅपटॉपला याआधी फक्त धूळ झटकायला हात लावलेला.

पहिल्यांदा मी करून दाखवलं. त्यांनी लिहून घेतलं: "दोनी बटनं दाबून धरा. केबल लावा. लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत हे लिवा." इंग्रजी अक्षरं चित्रासारखी उतरवली, एकेक रेघ. दुसऱ्यांदा दोघींनी मिळून. मध्येच विचारलं, "हे पुसते काहून पन?" सांगितलं, फोन चोरीला गेला तर चोराला आतलं दिसू नये म्हणून. "मंग चांगलंच हाय की," म्हणाल्या. "आपल्यालेच चोर समजते थे." हसल्या. मला हसू आलं नाही.

बारापर्यंत चार वेळा अडलं. केबल सैल. एक अक्षर चुकलं. मी चिडले, ओरडले, "अहो तसं नाही." त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी माफी मागितली, तीही आयुष्यात पहिल्यांदाच असावी.

भात-वरण खाऊन पुन्हा बसलो. मी साहेब झाले. "फोनचं कुलूप का उघडलं?" "अ‍ॅप उघडे नाई म्हनून." "कुठे शिकलात?" वहिनी थांबल्या. मग, "पाहून पाहून." हे खोटं नाही, आज सकाळपासून तरी नाही. "पुष्पाबाई म्हणतात तुमच्या नणंदेनं केलं." वहिनींनी वही मिटली, पुन्हा उघडली.

"थे तिच्या तोंडून आलं तं आलं," म्हणाल्या. "तिले मी काही बोलनार नाई."

तीन वाजले. पाचची बस. वहिनी म्हणाल्या, "अन् त्यायनं म्हटलं, आमच्यासमोर करून दाखवा, तं?"

मी जुना फोन पुन्हा पहिल्यासारखा करून त्यांच्यासमोर ठेवला. केबल बाजूला. वही काढून घेतली.

"करा."

त्यांनी पदर खोचला. दोन्ही बटणं दाबून धरली. केबल लावली, काढली, उलटी होती, फिरवून लावली. काळी खिडकी उघडली. एका बोटानं एकेक अक्षर शोधत होत्या, ओठ हलत होते. तिसऱ्या शब्दात एक अक्षर राहिलं. मला दिसलं. त्यांना दिसलं नव्हतं.

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.